सरकारी पैशातून इस्लामी शाळा: नेदरलँड्समध्ये हे कसे चालते

ऐंडहोवनला नुकत्याच राहायला आलेल्या एका मराठी आईने विचारले आहे: घरापासून पाच मिनिटांवर प्राथमिक शाळा आहे, पाटीवर ‘इस्लामी शाळा’ असे लिहिलेले आहे, आणि तिचा खर्च सरकार करते असे शेजारी सांगतात. युरोपातल्या देशात हे कसे काय? हे लांगूलचालन नाही का? आत नेमके काय शिकवतात? आणि आमची मुलगी लवकरच चार वर्षांची होईल, तिचे नाव तिथे घालण्याचा विचार तरी करावा का?

ताई, मी मूळची मिरजेची. लग्नानंतर इकडे आले, भाषा शिकले, पाबो म्हणजे इथला प्राथमिक शिक्षकांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि गेली बावीस वर्षे शिकवते आहे. त्यातली अकरा वर्षे एका मोठ्या शहरातल्या इस्लामी प्राथमिक शाळेत काढली. मी मुसलमान नाही. त्या शाळेतल्या शिक्षकांपैकी जवळजवळ निम्मे नव्हते. त्यामुळे आतून पाहिलेले सांगते.

लांगूलचालनाचे आधी बोलू, कारण भारतातून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तोच शब्द पहिल्यांदा येतो. ज्या नियमाखाली ही शाळा चालते तो १९१७ सालचा आहे. तेव्हा डचांच्या ताब्यातल्या इंडोनेशियात कोट्यवधी मुसलमान होते, पण खुद्द नेदरलँड्समध्ये मुसलमान मुलांची शाळा हा विषयच नव्हता. हा नियम ख्रिश्चनांनी ख्रिश्चनांसाठी, सत्तर वर्षे भांडून मिळवलेला आहे.

ते भांडण समजून घेतले नाही तर इथली कुठलीच शाळा समजत नाही. १८४८ च्या राज्यघटनेने कुणालाही शाळा काढायची मुभा दिली, पण पैसा फक्त सरकारी शाळांना. प्रोटेस्टंट आणि कॅथलिक आईबापांचे म्हणणे असे की कर आम्हीही भरतो, आणि वर आमच्या मुलांच्या शाळेचा खर्चही आम्हीच करतो, म्हणजे आम्हाला दुहेरी भुर्दंड. १८७८ मध्ये कायदा आला की इमारत, वर्गाचा आकार, शिक्षकांची तयारी या सगळ्यांचा दर्जा वाढवा. त्यासाठी मदत मात्र सरकारी शाळांनाच. गरीब खेड्यातल्या प्रोटेस्टंट शाळा यात बुडणार हे उघड होते. तीन लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज राजापुढे गेला. राजाने तरी कायद्यावर सही केली. पण त्या सह्या गोळा करताना जी माणसे एकत्र आली त्यांतूनच आब्राहाम काइपर यांचा पक्ष उभा राहिला, आणि पुढे १९०१ मध्ये ते स्वतः पंतप्रधान झाले. १८८९ मध्ये थोडे अनुदान सुरू झाले होतेच. शेवटी १९१७ मध्ये सौदा झाला. उदारमतवादी आणि समाजवादी पक्षांना हवा होता सर्व पुरुषांना मताधिकार, धार्मिक पक्षांना हवा होता शाळांना समान पैसा. दोघांनी एकमेकांचे मान्य केले. घटनेच्या आजच्या कलम २३ मध्ये ते आहे: संस्थेने काढलेल्या शाळेला सरकारी शाळेइतकाच पैसा, फक्त दर्जाच्या अटी पाळायच्या. १९२० च्या कायद्याने ते अमलात आले.

आज या देशातली साधारण दोन तृतीयांश प्राथमिक मुले अशा संस्थांच्या शाळांत जातात. बहुतेक कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट, काही मॉन्टेसरी वगैरे. तुमच्या घराजवळच्या ज्या शाळेला संताचे नाव आहे, तिलाही तोच पैसा त्याच हिशेबाने मिळतो. तिथे ‘सरकार धर्माला पैसे देते’ हा प्रश्न आपल्याला पडत नाही, कारण ती शाळा आपल्या डोळ्यांना नुसती ‘शाळा’ दिसते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही खासगी अनुदानित शाळा. ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. माझे वडील रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकले. संस्था खासगी, पगार सरकारचा, हे आम्हाला जन्मापासून ठाऊक. महाराष्ट्रात मिशनच्या, अंजुमनच्या, उर्दू माध्यमाच्या कितीतरी अनुदानित शाळा आहेत आणि घटनेचे कलम ३० अल्पसंख्याकांना संस्था चालवायचा हक्क देते. फरक एका जागी आहे. आपल्याकडे पूर्णपणे सरकारी पैशावर चाललेल्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत ते कुणावर लादता येत नाही. कलम २८ मध्ये तसे स्पष्ट आहे. इथे धर्माचा तास शाळेच्या वेळापत्रकातच असतो आणि तो घेणाऱ्याचा पगार त्याच सरकारी रकमेतून जातो. म्हणून ‘पैसा शिक्षणाला जातो, धर्माला जात नाही’ असे काही लोक तोंडभरून सांगतात ते मी सांगणार नाही. थोडा पैसा धर्मालाही जातो. कॅथलिक शाळेत जातो, प्रोटेस्टंट शाळेत जातो, तसा इस्लामी शाळेतही जातो. इतकेच काय, सरकारी शाळेत आईबापांनी मागणी केली तर तिथेही धर्माचा ऐच्छिक तास सरकारी खर्चाने होतो. इस्लामचा होतो, हिंदू धर्माचाही होतो. या देशाने ‘धर्मापासून लांब’ हा रस्ता घेतला नाही, ‘सगळ्यांना सारखे’ हा घेतला.

आता मुसलमान या चित्रात कसे आले. तुर्कस्तानशी १९६४ मध्ये आणि मोरोक्कोशी १९६९ मध्ये कामगार आणण्याचे करार झाले. आधी पुरुष आले, भाड्याच्या खोल्यांत दाटीने राहिले, चार वर्षांत परत जाऊ म्हणत राहिले. मग बायकामुले आली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले तेव्हा तिथून हिंदू आले तसे मुसलमानही आले. मुले वाढली, आईबापांनी घटनेचे कलम वाचले आणि अर्ज केले. १९८८ मध्ये पहिल्या दोन इस्लामी प्राथमिक शाळा सुरू झाल्या, एक रॉटरडॅमला आणि दुसरी तुमच्या ऐंडहोवनलाच. म्हणजे तुम्ही जिथे राहायला आलात तिथे ही गोष्ट एका पिढीहून जुनी आहे. साधारण त्याच सुमारास द हेगमध्ये हिंदू प्राथमिक शाळाही निघाली. ती काढली १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मळ्यांवर मजूर म्हणून सुरिनामला नेलेल्या लोकांच्या नातवंडा-पणतवंडांनी. आज हिंदू शाळा अनेक शहरांत आहेत, कलम २३ खालीच. भारतीयांच्या बैठकीत इस्लामी शाळेवर तावातावाने बोलणाऱ्यांना हे सांगितले की बहुतेकांना ठाऊकच नसते.

इस्लामी प्राथमिक शाळा आता साठच्या आसपास आहेत. देशात एकूण साडेसहा हजारांच्या आसपास प्राथमिक शाळा, म्हणजे शंभरात जेमतेम एक. बहुतेक मुसलमान मुले सरकारी नाहीतर ख्रिश्चन शाळेतच जातात. टीव्हीवरची चर्चा ऐकून हा आकडा कुणाच्या ध्यानात येणार नाही.

पैसा कसा येतो तेही सांगते, कारण सगळी भांडणे शेवटी तिथे येतात. पटावर जितकी मुले तितकी रक्कम. पूर्वी १ ऑक्टोबरचा पट धरत, २०२३ पासून १ फेब्रुवारीचा धरतात. आपल्याकडे संचमान्यतेच्या वेळी हेडमास्तरांची जी धावपळ होते ती इथे नसते, सगळे संगणकावर असते, पण पटाची धास्ती तीच. आईबाप कमी शिकलेले असतील तर शाळेला जास्तीची रक्कम मिळते. पूर्ण रक्कम एकठोक संस्थेच्या हातात येते, त्यातून पगार, पुस्तके, साफसफाई. पगार देशभर एकाच करारानुसार, मग शाळा कुठल्याही धर्माची असो. इमारत नगरपालिका देते. फी घेता येत नाही. ऐच्छिक वर्गणी मागता येते, पण ती भरली नाही म्हणून मुलाला सहलीला वगळता येत नाही, हा कायदा २०२१ पासून आहे.

इमारत नगरपालिका देते हे लिहायला सोपे. आमच्या शाळेला जी मिळाली ती दुसऱ्या शाळेने सोडून दिलेली होती, जिम्नॅशियमचे छप्पर गळायचे आणि पावसाळी दिवसात खेळाच्या तासाला दोन बादल्या मधोमध ठेवून मुलांना त्यांच्याभोवती पळवावे लागायचे. इथे वर्षभरच पावसाळा. सात वर्षे पत्रव्यवहार झाला. त्या सात वर्षांत मी पाहिले की ‘समान हक्क’ कागदावर मिळायला एक कायदा पुरतो, पण नवे छप्पर मिळायला नगरपालिकेतल्या माणसाचे मन लागते.

आत काय शिकवतात? सकाळी साडेआठला मुले येतात, हात मिळवून वर्गात शिरतात, एक छोटी दुआ होते आणि मग वाचन सुरू. मी बरीच वर्षे ख्रूप ३ ला होते. इथे चौथ्या वर्षी ख्रूप १ सुरू होतो, म्हणजे ख्रूप ३ ही आपली पहिली. देशभर ज्या पुस्तकांवरून वाचायला शिकवतात तीच आमच्याकडे होती. माझ्या काळात पहिले तीन शब्द होते ‘मान, रोस, विस’: चंद्र, गुलाब, मासा. चंद्राला ‘मान’ म्हणतात याचे मला पहिल्या वर्षी रोज नवल वाटायचे. गणिताची पुस्तके तीच, चाचण्या त्याच, शेवटच्या वर्गाची परीक्षा तीच. सरकारने ठरवलेली उद्दिष्टे, २००६ च्या यादीत ती ५८ होती, सगळ्यांना सारखी: चित्रकला, संगीत, व्यायाम, इतिहास, निसर्ग. आठ वर्षांत किमान ७,५२० तास शिकवायचे. आमच्याकडे आठवड्याच्या साधारण पंचवीस तासांपैकी अडीच तास धर्माचे होते: कुराणातल्या लहान सूरा पाठ करणे, पैगंबरांच्या गोष्टी, वुजू म्हणजे नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणे, ते कसे करायचे. वरच्या वर्गांतली मुले दुपारची नमाज सभागृहात करायची. त्यासाठी तळमजल्यावर बुटक्या नळांची एक ओळ होती आणि हिवाळ्यात मुलांचे ओले मोजे रेडिएटरवर वाळत असायचे. त्या वासावरून मला आजही ती शाळा ओळखता येईल.

सगळ्यात मोठे काम धर्माचे नव्हते, भाषेचे होते. डचमध्ये नामाला ‘दे’ लागते किंवा ‘हेट’, आणि कुठल्या नामाला काय हे कानानेच कळते. घरात तुर्की किंवा बर्बर बोलणाऱ्या मुलाच्या कानावर ते पुरेसे पडत नाही. पुस्तक ‘हेट’चे, पण मुले सर्रास ‘दे बूक’ म्हणायची. बेंगळुरूला वाढलेली माझी भाची ‘तो पुस्तक’ म्हणते, तेच हे. एक मुलगा, सात वर्षांचा, मी ‘हेट बूक’ म्हटले की लगेच ‘हो, हेट’ म्हणून मान डोलवायचा आणि पुढच्या वाक्यात पुन्हा ‘दे’. मी रागावले नाही. त्याच्या दप्तरात रंगीत चिठ्ठ्यांची डबी ठेवली, निळ्या ‘दे’च्या, लाल ‘हेट’च्या. तो घरातल्या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवत सुटला. जूनमध्ये त्याची आई भेटायला आली तेव्हा म्हणाली, बाई, आमचा फ्रीज निळा आहे हे मलाही आता पाठ झाले.

मग लोक ज्याबद्दल खरोखर विचारतात ते. स्त्रीपुरुष संबंध, समलिंगी माणसे, हे विषय टाळतात का? टाळता येत नाहीत. २०१२ पासून उद्दिष्टांत स्पष्ट लिहिले आहे की मुलांनी लैंगिकतेबद्दल आणि समाजातल्या वैविध्याबद्दल, लैंगिक वैविध्यासकट, आदराने वागायला शिकायचे. सगळ्या शाळांना लागू. दरवर्षी वसंतात या विषयाचा एक राष्ट्रीय आठवडाच असतो. एका वर्षी ख्रूप ७ मधल्या मुलाचे वडील पुस्तक हातात धरून आले, हे माझ्या मुलाला शिकवायचे नाही म्हणाले. आमच्या मुख्याध्यापिका तुर्की वंशाच्या, हिजाब घालणाऱ्या. त्यांनी त्यांना चहा दिला, पुस्तक पानापानाने दोघांनी मिळून पाहिले आणि शेवटी एवढेच सांगितले: आपला धर्म काय म्हणतो ते तुम्ही घरी सांगा, आम्हीही धर्माच्या तासाला सांगू, पण शेजारच्या माणसाशी कसे वागायचे हे या शाळेत शिकवले जाणार, ती अट मान्य करूनच आपण सरकारचा पैसा घेतो. तो तास मीच घेतला. एका मुलीने विचारले, ‘पण बाई, ते पाप असेल तर?’ मी म्हटले, पाप-पुण्याचे तुझ्या धर्माच्या शिक्षकांना विचार. मला सांग, तुझ्या बाकावर अशा घरातली मुलगी बसली तर तू तिला खोडरबर देशील का? ती म्हणाली, देणार की, त्यात काय. सगळ्या इस्लामी शाळा हा तास इतका मनापासून घेतात असा माझा दावा नाही. काही जण पाने भरभर उलटतात. तशी ती कडव्या प्रोटेस्टंट शाळांतही उलटली जातात.

पैशाबरोबर निरीक्षक येतो, ही या व्यवस्थेची मला सगळ्यात पटलेली बाजू. शिक्षण निरीक्षकांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात, आणि इस्लामी शाळांइतके बारकाईने क्वचितच कुणाला तपासले गेले असेल. २००२ मध्ये गुप्तचर खात्याने काही शाळांवरच्या परदेशी प्रभावाबद्दल इशारा दिला. निरीक्षकांनी सगळ्या शाळा पाहिल्या आणि बहुतेक ठिकाणी शिकवण्यात समाजापासून तोडणारे काही सापडले नाही. पैशाच्या बाबतीत मात्र २००८ मध्ये निघालेले निष्कर्ष वाईट होते: बहुसंख्य इस्लामी शाळांच्या संस्थांनी शिक्षणाचा पैसा नियमाबाहेर खर्च केला होता, त्यात मुलांची ने-आण करणाऱ्या बसगाड्याही आल्या. शाळा कमी, मुले लांबलांबहून येणारी, म्हणून बस. पण बसचा खर्च शिक्षणाच्या रकमेतून करता येत नाही. ते पैसे परत मागितले गेले. माध्यमिकमध्ये तर रॉटरडॅमच्या इब्न खालदून शाळेत २०१३ मध्ये शालांत परीक्षेच्या प्रश्नपत्रिका चोरीला गेल्या आणि त्यानंतर ती शाळा बंद झाली.

हे सांगायचे ते टाळू नये, कारण मी स्वतः त्याची झळ सोसली आहे. आमच्या संस्थाचालकांमध्ये एका वर्षी दोन तट पडले. संस्थाचालक म्हणजे कोण? एक दुकानदार, एक निवृत्त कारखाना कामगार, एक तरुण हिशेबनीस. माणसे सज्जन, शाळेवर जीव, पण करोडोंचा कारभार कसा चालवायचा आणि मुख्याध्यापकाच्या कामात कुठे हात घालायचा नाही हे कुणी शिकवलेले नव्हते. चार वर्षांत तीन मुख्याध्यापक बदलले. चांगले शिक्षक सोडून गेले, ख्रूप ५ ला एका वर्षात सहा वेगवेगळे शिक्षक झाले. वाचनाचे निकाल घसरले, निरीक्षकांनी शाळेला कमकुवत ठरवले. त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत मी रडले होते, कारण अहवालात जे लिहिले होते ते शब्दन्‌शब्द खरे होते. मग संस्था बदलली, दुसऱ्या अनुभवी इस्लामी संस्थेने कारभार घेतला, त्या मुख्याध्यापिका आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी प्रत्येक मुलाचा वाचनाचा आलेख भिंतीवर लावला आणि सांगितले, आजपासून आपण फक्त यावर बोलायचे. दोन वर्षांनी शाळा पुन्हा समाधानकारक ठरली. निरीक्षक नसता तर त्या दोन तटांचे भांडण अजून चालले असते आणि मुलांचे कुणालाच कळले नसते. मशिदींत शनिवार-रविवारी भरणाऱ्या वर्गांना असा निरीक्षक नसतो. इस्लामी शाळांचा पैसा बंद करा म्हणणाऱ्यांना मी हेच सांगते: आईबाप मुलांना धर्म शिकवायचे थांबणार नाहीत, फक्त आपल्याला आत पाहता येणार नाही.

गेल्या काही वर्षांत अनेक इस्लामी प्राथमिक शाळांचे निकाल तशाच वस्तीतल्या इतर शाळांपेक्षा चांगले लागतात आणि काहींना ‘उत्कृष्ट शाळा’ हा सरकारी मान मिळालेला आहे. मला त्याचे कारण शिस्त वाटत नाही, ती आमच्याकडे जेमतेमच होती. कारण अपेक्षा. इथे बाराव्या वर्षी ख्रूप ८ मध्ये शिक्षक सल्ला देतात की मुलाने पुढे कुठल्या प्रकारच्या शाळेत जावे: व्यवसायाकडे नेणारी फ्मबो, मधली हावो, की विद्यापीठाकडे नेणारी फेवेओ. स्थलांतरितांच्या मुलांना पुष्कळदा त्यांच्या कुवतीपेक्षा खालचा सल्ला मिळतो, ही या देशाची जुनी दुखरी जागा आहे. ‘घरी मदत करायला कोणी नाही, झेपणार नाही’ असे प्रेमानेच म्हटले जाते. आमच्या शाळेत सफाई कामगार आईची मुलगी होती, चाचणीत फेवेओच्या काठावर. आमचे एक सहकारी हावो म्हणाले. मुख्याध्यापिकांनी विचारले, हिचे वडील डॉक्टर असते तर तुम्ही काय लिहिले असते? खोलीत शांतता झाली आणि सल्ला बदलला. ती मुलगी आता वकिलीचे शिकते.

पण एक गोष्ट मला अकरा वर्षे बोचत राहिली आणि म्हणूनच शेवटी मी दुसऱ्या शाळेत गेले. मैदानावर डच बोलणारी, घरात डच बोलणारी मुले नव्हती. सगळ्या मुलांच्या घरी ईद, कुणाच्याच घरी नाताळ नाही. वर्षातून दोनदा शेजारच्या कॅथलिक शाळेबरोबर आम्ही एकत्र दिवस करायचो. मुले पहिला तास आपापल्या घोळक्यात उभी राहायची, मग चेंडू मिळाला की मिसळायची, आणि साडेतीनला बस यायची. वर्षातून दोन दिवस पुरत नाहीत. हेही खरे की त्या वस्तीतली सरकारी शाळाही तितकीच एकरंगी होती, कारण डच आईबापांनी आपली मुले केव्हाच सायकलवरून पलीकडच्या वस्तीत न्यायला सुरुवात केली होती. अलगपणा इस्लामी शाळेने आणला नाही, पण तिने तो कमीही केला नाही. माझ्या मते या शाळांवरचा खरा आक्षेप हा आहे, आणि तो कॅथलिक, प्रोटेस्टंट, हिंदू शाळांवरही तितकाच लागू आहे.

‘बंद करा’ या मागणीबद्दल तुम्ही बातम्यांत ऐकाल. खेर्ट विल्डर्स यांचा पक्ष वर्षानुवर्षे इस्लामी शाळा बंद करा म्हणतो. कायद्याने ते जमत नाही: एका धर्माच्या शाळा तेवढ्या बंद करायला गेले तर घटनेचे पहिलेच कलम, समान वागणुकीचे, आडवे येते, कलम २३ बदलायला गेले तर दोन तृतीयांश शाळांच्या मुळावर घाव बसतो आणि सगळ्यात आधी कडवे प्रोटेस्टंट पक्ष उभे राहतात. म्हणजे संसदेत इस्लामी शाळेची ढाल बायबल हातात घेतलेली माणसे धरतात. दुसरीकडे, नवी शाळा काढायचा नियम २०२० च्या कायद्याने बदलला. पूर्वी ‘तुमचा धर्म मान्यताप्राप्त पंथांत बसतो का’ हे पाहत, आता दोन ते चार वर्षांच्या मुलांचे आईबाप सरकारी लॉगिनने सह्या करून सांगतात की आम्हाला ही शाळा हवी, आणि निरीक्षक सुरू होण्याआधीच आराखडा तपासतात. हा बदल मला चांगला वाटतो. आमच्या संस्थाचालकांना कुणी सुरुवातीलाच असे प्रश्न विचारले असते तर पुढची चार वर्षे वाचली असती.

आता तुमच्या मुलीचे. संस्थेची शाळा, आईबाप तिच्या धर्माधारित भूमिकेशी सहमत नसतील तर, प्रवेश नाकारू शकते, पण तिचे धोरण सगळ्यांना सारखे हवे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका ज्यू शाळेच्या बाबतीत हा हक्क मान्य केला. प्रत्यक्षात कित्येक इस्लामी शाळा म्हणतात, आमच्या पद्धतीचा आदर ठेवा, या. आमच्याकडे अकरा वर्षांत बिगर-मुसलमान मुले तीनच आली, त्यात एक घानाची ख्रिश्चन मुलगी, सूरा पाठ करण्यात सगळ्यांत पुढे. तिच्या आईला त्याचे काही वाटत नव्हते. तुम्हाला वाटेल का, हे तुम्ही दोघांनी आधी बोलून घ्या, कारण धर्माच्या तासाला ती वर्गातच असेल.

माझा सल्ला विचाराल तर: घरात मराठी बोलता, ती बोलतच राहा. मग डच कुठून येणार? मैदानावरून. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा भेट सकाळी सव्वादहाला ठेवा, मधल्या सुट्टीच्या वेळी. मैदानाच्या कडेला उभे राहून मुले आपसांत काय बोलतात ते ऐका. ही कसोटी तुमच्या कोपऱ्यावरच्या इस्लामी शाळेला लावा, कॅथलिकला लावा, सरकारीला लावा. मुख्याध्यापकांना विचारा, तुम्ही इथे किती वर्षे आहात आणि गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले. निरीक्षकांचा शेवटचा अहवाल संकेतस्थळावर मिळेल, डच जमत नसेल तर शेजारणीला बरोबर घेऊन वाचा. तुमची मुलगी कुठल्याही शाळेत गेली तरी दिवाळीला एक दिवस सुट्टी मिळणे हा तिचा कायदेशीर हक्क आहे, जसा मुसलमान मुलाला ईदचा. मुख्याध्यापकांना किमान दोन दिवस आधी लेखी कळवायचे, बस. मात्र ही सवलत सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातली आहे आणि तो पाचव्या वर्षापासून लागतो. यंदाच्या दिवाळीला ती चारच वर्षांची असेल, तेव्हा नुसते सांगितले तरी चालेल.